काका घोरत नाहीत

तिसऱ्यांदा तो कागद काकांपुढे आला आणि तिसऱ्यांदा काकांनी तो एका बोटाने परत सरकवला.

"मी घोरत नाही," ते म्हणाले.

हे ते आडवे पडून, छताकडे बघत म्हणाले. चाचणीच्या खोलीत दुसरी सोयच नव्हती. थोरल्यांनी, म्हणजे काकांच्या वडिलांनी, कारखाना काढला तेव्हापासून या खोलीत खुर्ची म्हणून आली नव्हती. सात गाद्या ओळीने, भिंतीवर घड्याळ, त्याखाली थोरल्यांचे सात नियम काचेच्या चौकटीत. उभा माणूस घाईत असतो, बसलेला माणूस डाव मांडत असतो, खरं काय ते आडवा पडलेला माणूस सांगतो, असं थोरले म्हणत. त्यामुळे घरातली सगळी भांडणं, लग्नं, वाटण्या, आग लागली त्या वर्षी कारखाना चालू ठेवायचा निर्णय, सगळं याच सात गाद्यांवर छताकडे बघत ठरलेलं होतं. एकमेकांची तोंडं दिसत नसली की माणसं बरीच सभ्य वागतात. निदान या घरातली तरी वागत.

आजही पाच गाद्यांवर पाचजण होते. पहिल्या गादीवर काका, कारखान्याचे मुख्य चाचणीदार. मग काकू. मग बाबा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, कारखाना चालवणारे. मग आत्या, भावंडांत सगळ्यांत मोठी, गादीच्या कडा शिवण्याच्या यंत्रावर तीस वर्षं बसलेली. आणि शेवटच्या गादीवर बाबांची मुलगी. घरात तिला सगळे 'जागी' म्हणत. गाद्या करणाऱ्या घरात जन्माला येऊन जिला कधी वेळेवर झोप लागली नाही, तिला दुसरं काय म्हणणार?

उभ्या होत्या त्या फक्त वकीलबाई. त्या गाण्यांच्या कंपनीकडून आल्या होत्या. त्यांना दोनदा गादी देऊ केली होती, दोनदा त्यांनी नको म्हटलं होतं. छातीशी पिशवी धरून त्या उभ्या होत्या आणि कुणाशी बोलताना नेमकं कुठे बघावं हे त्यांना अजून जमत नव्हतं.

"मी पुन्हा एकदा सांगते," त्या म्हणाल्या. "गाणं यांचं आहे, आवाज यांचा आहे, गिटार यांची आहे. पण ताल जो आहे, तो एका माणसाच्या घोरण्याचा आहे. ज्याचा आवाज त्याची सही. सहीशिवाय आम्हाला गाणं काढता येत नाही. सहा वाजता आमची यादी बंद होते. सहा दहाला माझी गाडी आहे."

"आणि सही नाही मिळाली तर?" आत्याने विचारलं.

"तर यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल. तो मुलगा चमचे वाजवतो."

"चमचे," आत्या म्हणाली. "ऐकलंस ना धाकट्या? तुझ्यामुळे लोक चमचे ऐकणार."

"ऐकू देत," काका म्हणाले. "मी घोरत नाही."

बोलण्यासारखं जागीचं चार वर्षांत सगळं बोलून झालं होतं. सहाव्या वर्षी तिने पहिलं गाणं केलं, गादीतल्या एका स्प्रिंगवर. ती स्प्रिंग एकटीच वाकडी असते आणि तिलाच सगळे दोष देतात, असं काहीतरी. चौदाव्या वर्षी बाबांनी तिच्याकडून दुकानाची जाहिरात गाऊन घेतली. माल पोचवणाऱ्या टेम्पोवरच्या भोंग्यातून ती महिनाभर वाजली. गाण्यात तिने लिहिलं होतं की गादी कितीही मऊ असो, झोप ही वेगळीच गोष्ट आहे. बाबांना ते छापायला देईपर्यंत, म्हणजे वाजवायला देईपर्यंत, लक्षात आलं नाही. पण त्या महिन्यात गाद्या दुप्पट खपल्या. का खपल्या हे घरात कुणालाच समजलं नाही, म्हणून तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग एका हॉटेलात, लिफ्टच्या शेजारी उभी राहून ती दोन वर्षं गायली. लोक लिफ्ट येईपर्यंत ऐकत. तिची गाणी त्यामुळे छोटी झाली. ती एकदा म्हणाली होती की सातव्या मजल्यावर लिफ्ट असली की दोन कडवी होतात, तळमजल्यावर असली की एक ओळ. आणि बाबांनी दिलेली मुदत होती चार वर्षांची. ती या महिन्यात संपत होती. गाणं निघालं तर निघालं, नाहीतर उद्या सोमवारपासून तिने दुकानाच्या काउंटरवर बसायचं, हे ठरलेलं होतं. तेही इथेच, आडवं पडून ठरलं होतं.

ज्या गाण्यावरून हा प्रसंग आला, ते गोदामात झालं होतं. फोमचे थर चहूबाजूंनी रचून तिने स्वतःपुरती एक खोली केली होती. बाहेरचा आवाज आत येत नाही असा तिचा समज होता. पण रचलेल्या थरांच्या पलीकडे काका एक दुहेरी गादी तपासत होते, आणि काकांचा आवाज फोमने थांबणारा नव्हता. गाताना तिच्या लक्षातही आलं नाही. नंतर ऐकलं तेव्हा कळलं की आपण पूर्ण गाणं त्याच लयीत गायलो आहोत. तिने ते तसंच ठेवलं आणि फोनवरून चार ओळखीच्यांना पाठवलं. महिन्याभरात ते कुठून कुठे गेलं. दातांच्या दवाखान्यांत वाजलं, व्यायामशाळेत वाजलं, कुणीतरी त्यावर बाळं झोपवली. हे कुठलं वाद्य, म्हणून लोकांनी पैजा लावल्या. करवत, जुनं कपडे धुण्याचं यंत्र, मोठं व्हायोलिन.

"ड्रमवाल्याकडून वाजवून घेता येणार नाही का?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा जास्तच समजूतदार होता.

"घेतलं," वकीलबाई म्हणाल्या. "तिघांकडून."

"काय झालं?"

"अचूक वाजवतात," जागी छताला म्हणाली. "तेच वाईट आहे."

"दुसरा घोरणारा?"

"आणले होते," वकीलबाई म्हणाल्या. "स्टुडिओत कुणाला झोप लागत नाही."

खरं सांगायचं तर बाबांना आतून थोडं हायसं वाटत होतं, आणि हायसं वाटतंय याची लाजही वाटत होती. मुलगी उद्या काउंटरवर बसेल. दुपारी दोघं डबा उघडतील. गिऱ्हाईक नसताना ती गुणगुणेल. एवढंच त्यांचं स्वप्न होतं आणि ते एका सहीच्या अभावावर उभं होतं. त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. या खोलीत मान वळवून बघायची पद्धत नव्हती. थोरल्यांचा नियम दुसरा. म्हणून त्यांना जे दिसलं ते कुणी पाहावं म्हणून नव्हतंच. जागी रडत वगैरे नव्हती. ती नुसती काउंटरवर बसल्यासारखी दिसत होती. आडवी पडूनही.

"धाकट्या," बाबा म्हणाले, "मुलीचा प्रश्न आहे."

"आणि माझा नाही?" काका म्हणाले. "चौथा नियम वाच."

कुणी वाचला नाही. सगळ्यांना पाठ होता. 'घोरणाऱ्याचा निकाल धरू नये.' थोरल्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस घोरला म्हणजे मान पडली. मान पडली म्हणजे एकतर गादी वाईट, नाहीतर माणूस वाईट. दोन्ही पक्षी गादी पास करता येत नाही. चाचणीदाराने वीस मिनिटं पडायचं, झोप लागली पाहिजे, आणि ती नि:शब्द लागली पाहिजे. मगच गादीच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का: 'झोपून पाहिली'.

"चौतीस वर्षं," काका म्हणाले. "दिवसाला चार. चाळीस हजार गाद्यांवर माझा शिक्का आहे. त्यांवर लोकांचे संसार झाले. मुलं झाली. लोक आजारी पडून बरे झाले. आता मी कागदावर लिहून देऊ की मी घोरतो? म्हणजे त्या चाळीस हजार गाद्या मी कशा पास केल्या? तोंडावर पडून?"

"अहो, तोंडावर नाही," काकू म्हणाल्या. "पाठीवरच."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय. मी फक्त बाजू सांगितली."

काकू चौतीस वर्षं वेगळ्या खोलीत झोपत होत्या. मला लवकर उठावं लागतं, असं त्यांनी लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं आणि मग ते खरं ठरवण्यासाठी त्या आयुष्यभर पहाटे पाचला उठल्या. नाहीतर त्यांना आठपर्यंत लोळायला आवडलं असतं. समोरच्या इमारतीतले लोक विचारत, तुमच्याकडे रविवारीही यंत्र चालू असतं का? काकू म्हणत, हो, ऑर्डर असते. खोलीच्या भिंतीचा गिलावा दोनदा पडला तेव्हा गवंड्याला त्यांनी ओल आली आहे म्हणून सांगितलं. या खोटेपणात त्यांचा इतका जीव गुंतला होता की आज कुणी परकी बाई येऊन तो एका सहीत मोडणार, हे त्यांना बरं वाटेना. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की उद्यापासून आठला उठता येईल.

"वकीलबाई," आत्या म्हणाली, "घरात इतक्या माणसांना माहीत आहे. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली तर?"

"ताई," काका म्हणाले, "तुला काय माहीत आहे?"

"मला कान आहेत."

"तुला चाचणीदार व्हायचं होतं. थोरल्यांनी शिक्का मला दिला, ते तुला अजून पचलेलं नाही."

"तू चार मिनिटांत झोपायचास, मला अकरा लागायची. एवढ्यावरून दिला. घोरण्याचं थोरल्यांना सांगितलं असतं तर शिक्का कुणाकडे असता?"

"मग का नाही सांगितलंस?"

आत्या गादीची कड बोटाने चाचपत राहिली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते एवढंच होतं की शिक्का मिळाला त्या दिवशी हा मुलगा तो उशाखाली घेऊन झोपला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी तीस वर्षं यंत्रावर बसले, असं कुणी ऐकलं तर हसेल.

साडेचार झाले. वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं.

तेव्हा बाबा म्हणाले, "तो आवाज माझा आहे."

बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. कापसात कृत्रिम धागा मिसळला असेल तर लेबलावर टक्का लिहिणारा हा माणूस. आता ते छताकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"तुमचा?" वकीलबाई म्हणाल्या.

"होय. मी गोदामात झोपलो होतो. मी घोरतो. द्या कागद."

"बाबा," जागी म्हणाली.

"तू गप्प बस. मी घोरतो म्हणजे घोरतो."

"कधीचं आहे हे ध्वनिमुद्रण?" वकीलबाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला. "सोळा तारीख, दुपार."

"सोळाला तू दाढ काढायला गेला होतास," आत्या म्हणाली. "गाल एवढा घेऊन आलास."

"तिथे झोपलो असेन."

"दवाखान्यात झोपलास आणि आवाज गोदामात आला?"

"ताई, तू नेमकी कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी मुलीच्या बाजूने आहे. पण खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

पण सगळ्यांत जास्त दुखावले ते काका. ते चक्क कोपरावर उठून बसले. नियमात हे बसत नव्हतं.

"दादा, तू?" ते म्हणाले. "तू घोरतोस? तू झोपतोस तो मेलेल्या माणसासारखा. लहानपणी आई आरसा धरून बघायची. तुझा श्वास तरी कधी कुणी ऐकलाय? असा भरलेला, खालून उचललेला आवाज तुझा? लोक त्यावर पैजा लावतायत, मोठं व्हायोलिन म्हणतायत, आणि तो तुझा?"

"मग कुणाचा?" आत्याने हळूच विचारलं.

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. "पण दादाचा नाही."

वकीलबाईंनी बहुधा अशी पुष्कळ घरं पाहिली नसावीत. पण त्यांच्या कामात एक पद्धत होती आणि ती त्यांनी काढली. आवाज वादात असेल तर मूळ आणि नमुना शेजारी ठेवून ऐकतात, त्या म्हणाल्या. काकांनी इथे झोपून दाखवावं. गाणं वाजवलं जाईल. काका घोरले नाहीत तर प्रश्नच मिटला, त्या रिकाम्या हाताने परत जातील. घोरले तर सही करायची.

"वीस मिनिटं?" काकांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"कबूल," काका म्हणाले. झोपेच्या बाबतीत त्यांना कुणी आव्हान दिलं नव्हतं, आणि ते नाही म्हणतील असं कुणाला वाटलंही नाही. त्यांनी चष्मा काढून काकूंच्या हातात दिला, शिक्का खिशातून काढून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

जागीने फोन गाद्यांच्या मधोमध ठेवला आणि गाणं लावलं, पुन्हा पुन्हा वाजत राहील असं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात सगळ्यांना माहीत होती आणि म्हणून कुणी लक्षात घेतली नाही. काकांनी हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. जागीने तीनदा ऐकवलं होतं, तिन्ही वेळा पहिल्या ओळीला ते झोपले होते. या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. बाबा तर म्हणाले होते, बघ, काकांना आवडलं.

आज मात्र काकांना झोप लागली नाही.

आधी त्यांना वाटलं, अजून चार मिनिटं झाली नसतील. मग वाटलं, गादीत दोष असेल. डाव्या खांद्याखाली काहीतरी. मग त्यांना उमगलं की गादी ठीक आहे, तीच त्यांनी परवा पास केली होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते चाचणीच्या गादीवर जागे होते, आणि जागं राहून या खोलीत करतात काय हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते ऐकू लागले.

_सगळे झोपले वेळेवर, मीच राहिले जागी,_
_भिंतीपलीकडे कुणीतरी ओढतंय आगगाडी._
_येऊ दे, जाऊ दे, थांबवू नको गाडी;_
_थांबली की कळतं मला किती मोठं आहे घर._

आणि त्याखाली तो आवाज. वर चढणारा, क्षणभर अडणारा, मग सावकाश उतरणारा. काकांनी तो याआधी ऐकला नव्हता, ऐकणार कसा? त्यांना तो बराच चांगला वाटला. घाई नव्हती त्यात. ज्याला उद्याची चिंता नाही अशा माणसाचा आवाज होता.

दुसऱ्या कडव्यात आई गेली ते वर्ष होतं. जागी तेव्हा सहाची. घरात शांतता इतकी की ती उठून बाबांच्या खोलीत जाते आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरते. वारा लागला की परत येते. मग गादीवर पडून भिंतीपलीकडची गाडी मोजते, एक डबा, दोन डबे, आणि गाडी चालू आहे तोवर कुणी कुठे गेलेलं नाही असं समजते.

बाबांनी हे कडवं कितीदा तरी ऐकलं होतं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, म्हणून ते मांजराबद्दल आहे असं त्यांना आजवर वाटत होतं. आता त्यांनी नकळत नाकाला हात लावला आणि तिथेच ठेवला.

गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं. तिसऱ्यांदा सुरू झालं. खोलीत फोनमधून काका घोरत होते आणि गादीवरचे काका गप्प होते. काकूंना चष्मा हातात जड वाटू लागला. त्यांच्या इतकं कुणालाच समजत नव्हतं, की हे झोपलेले नाहीत. झोपले की यांचा डावा अंगठा हलतो. अंगठा शिक्क्यावर घट्ट होता.

पंधरा मिनिटं. सतरा. वीस. वकीलबाईंनी कागदाची घडी घालायला घेतली.

"घोरले नाहीत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "मी काही करू शकत नाही."

जागी उठून बसली. फोन उचलायला तिने हात पुढे केला.

"थांब," काका म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते.

"तिसऱ्या कडव्याच्या आधी," ते म्हणाले, "तो माणूस ताल चुकतो. श्वास उशिरा घेतो. तू तिथे थांबलीस त्याच्यासाठी."

जागीचा हात तसाच राहिला. "तिथे तुम्ही कूस बदललीत, काका."

"चाचणीत कूस बदलायची नसते."

"एकदाच बदललीत."

"हं," काका म्हणाले. "आणि तू ते ठेवलंस?"

"मला तेच आवडतं. मला वाटलं गाडी थांबली. मग आली."

काकांनी डोळे उघडले आणि हात लांब केला. "चष्मा."

काकूंनी दिला.

"कुठे करायची सही? आणि हे काय लिहिलंय, 'घोरण्याचा आवाज'? वाद्य म्हणून काही लिहिता येत नाही?"

"नियमाप्रमाणे जे आहे ते लिहावं लागतं," वकीलबाई म्हणाल्या.

"नियम असेल तर राहू दे," काका म्हणाले. नियमापुढे ते कधी बोलत नसत. त्यांनी कागद गादीवर ठेवून सही केली. ती गादीच्या मऊपणामुळे जरा खचली. मग शिक्का उचलून त्यांनी दोन गाद्या ओलांडून आत्याच्या तळहातावर ठेवला.

"चौथा नियम," ते म्हणाले.

"अरे धाकट्या, कोण बघतंय?"

"आता कागदावर आहे, ताई."

वकीलबाई पाच वाजून वीस मिनिटांनी निघाल्या. जाताना त्यांनी दारातल्या गादीवर, कुणी बघत नाही असं पाहून, एकदा तळहात दाबला. बाबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन जागीच्या शेजारच्या गादीवर पडले.

"उद्या दुकानात येऊ नकोस," ते म्हणाले.

"दुपारी येईन. डब्याला."

"बघ. वेळ झाला तर." आणि थोड्या वेळाने, "मी आता आवाज करत जाईन झोपेत. प्रयत्न करीन."

"नको बाबा. तुम्ही चांगलं झोपता."

एक गादी राहिली होती. ती सकाळी पोचवायची होती. आत्या तिच्यावर आडवी झाली, हातात शिक्का, आणि घड्याळ लावलं. तीस वर्षं तिने हा क्षण मनात शिवून ठेवला होता. तिने डोळे मिटले. अकरा मिनिटं झाली. पंधरा झाली. खोली गप्प होती. बाबा जागे होते. काकूही जाग्या होत्या, आणि त्यांना आजवर इथे पडून झोप लागली नाही असं झालं नव्हतं. वीस मिनिटं झाली तेव्हा आत्याने डोळे उघडले.

"धाकट्या."

"काय?"

"जरा पलीकडच्या गादीवर पड."

"कशाला? मी आता चाचणीदार नाही."

"झोप येत नाहीये मला."

"मग त्यात माझा काय संबंध?"

काकूंनी चष्म्यासाठी हात पुढे केला. काकांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. थोरल्यांचा दुसरा नियम आज कुणीच पाळत नव्हतं.

"मी घोरत नाही," ते म्हणाले, चष्मा दिला आणि आडवे झाले.

चार मिनिटांनी अंगठा हलला. मग आवाज आला, वर चढला, अडला, उतरला. काकू आधी झोपल्या, मग बाबा, मग आत्या. आत्याच्या मुठीतला शिक्का सैल होऊन गादीच्या उजव्या कोपऱ्याकडे घरंगळला.

जागी बसून होती. तिने गुडघ्यावर बोटाने ताल धरला आणि ओठातल्या ओठात गाणं म्हटलं. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या आधी ती सवयीने थांबली.

काकांनी कूस बदलली नाही. श्वास वेळेवर आला, आणि तीच मागे राहिली.